सारंगभाईंचं सहावं चाक

सारंगभाईंच्या जीपला सहा चाकं होती, आणि त्यातलं सहावं ते स्वतःसाठी कधीही वापरत नसत.

चार चाकं जमिनीवर. पाचवं मागे, सगळ्याच जीपना असतं तसं. सहावं पुढे बॉनेटवर, काथ्याच्या दोरीने आडवं आवळलेलं. लढाई संपल्यावर लिलावात निघालेली ती गाडी मुळात बुटकी आणि सारंगभाई तिच्याहून बुटके. बॉनेटवर एवढं मोठं चाक पसरल्यावर त्यांना समोरचा रस्ता दिसायचा नाही. बुडाखाली पोतं दुमडून घ्यायचे, तरी दिसायचा नाही. मग कमरेपर्यंत डावीकडे बाहेर वाकून एका हाताने गाडी चालवायचे. रस्त्याकडेच्या करवंदीच्या जाळ्या त्यांच्या गालाला लागून जायच्या. त्यांच्या डाव्या गालावर कायम दोन-चार ओरखडे असायचे आणि उजवा गाल मात्र नुकत्याच लग्न झालेल्या माणसासारखा नितळ.

गाडी परदेशी, त्यामुळे चालवणारा डाव्या अंगाला. उजवीकडून काय येतंय हे पाहायचं काम शेजारी बसणाऱ्याचं. मी पहिल्यांदा त्यांच्या शेजारी बसलो तेव्हा शहर सुटता सुटता त्यांनी बाहेरूनच ओरडून विचारलं, "जमन्याला काय दिसतंय?"

जमना म्हणजे बोटीवरच्या भाषेत उजवी बाजू, हे मला ठाऊक नव्हतं. मला वाटलं, जमना नावाची कुणी बाई रस्त्यात उभी आहे. मी म्हणालो, "बाई कुणी दिसत नाही. दोन म्हशी आहेत."

"म्हशी जमन्याला की डाव्याला?"

"मधोमध आहेत."

तेवढ्यात ब्रेक लागला. म्हशींनी बॉनेटवरचं चाक हुंगलं आणि सावकाश बाजूला झाल्या.

मी कराडकडचा. ओव्हरसियरची परीक्षा पास होऊन नोकरीला लागलो आणि पहिलीच नेमणूक रत्नागिरीला मिळाली. स्वातंत्र्य येऊन पाच-सहा वर्षं झाली होती आणि किनाऱ्याच्या गावांना जोडणारे रस्ते कुठून न्यायचे याची मोजणी चालली होती. कचेरीची स्वतःची जीप होती, पण तिचा बराचसा काळ गॅरेजात जायचा. मग दौऱ्यासाठी इस्माईल सारंग यांची जीप भाड्याने घ्यायची, असा शिरस्ता पडला होता. सारंग हे त्यांचं आडनाव नव्हे. एकतीस वर्षं ते बोटीवर होते, त्यातली शेवटची बारा सारंग म्हणून, म्हणजे डेकवरच्या खलाशांचे मुकादम. आडनाव काय होतं ते मी त्यांना कधी विचारलं नाही, आणि गावात कुणाला विचारलं तर तो आधी दुसऱ्याकडे पाहायचा.

बोट सुटली होती, पण बोटीची सवय सुटली नव्हती. शहराची हद्द ओलांडताना ते तीन लांब भोंगे द्यायचे, बंदर सोडताना आगबोट देते तसे. परत येताना दोन. गाडी चिखलात रुतली आणि आम्ही मागून ढकलायला लागलो की, "हबेस, हबेस," असं ओरडायचे. ते नांगर ओढतानाचं ओरडणं. आरे-वाऱ्याच्या वाळूत एकदा गाडी धुऱ्यापर्यंत बसली तेव्हा चारी चाकांना जोर देणारा दांडा त्यांनी पुढे ढकलला, आणि आम्ही पाच जण, मी आणि मासे वाळत घालणाऱ्या चार बाया, हबेस म्हणत गाडी ढकलत होतो. भरतीचं पाणी पायाशी आलं होतं. गाडी निघाल्यावर सारंगभाई खाली उतरले, सगळ्या बायांना एकेक सलाम केला आणि मला म्हणाले, "चांगले खलाशी हायत. पगारावर घ्यायला पायजेत."

आता त्या सहाव्या चाकाचं सांगतो.

एप्रिलचा महिना होता. आम्ही मालगुंडला चाललो होतो. तिथले लोक रस्ता कुणाच्या बागेतून जाणार यावर भांडत होते आणि मी सकाळी दहाला येऊन खुणा दाखवीन असं कळवलं होतं. निवळीच्या उतारावर पहिलं पंक्चर झालं. मागचं पाचवं चाक काढून लावलं. पुढे सड्यावर आलो. दोन्ही बाजूंना काळा कातळ, झाड म्हणून नाही. तिथे दुसरं पंक्चर झालं.

मी खाली उतरलो आणि बॉनेटवरची दोरी सोडायला लागलो.

"ते नाय," सारंगभाई म्हणाले.

"का? याच्यात हवा नाही का?"

"हवा हाय. पण ते आपलं नाय."

"मग कुणाचं?"

"ज्याला लागंल त्याचं."

"आपल्याला लागलंय, सारंगभाई."

"आपल्याला वेळ हाय," ते म्हणाले, आणि कातळावर मांडी घालून ट्यूब बाहेर काढायला बसले.

मी चिडलो. वय तेवीस होतं आणि खिशात सरकारी शिक्का होता. मी त्यांना पुष्कळ बोललो. गाडी भाड्याची आहे, भाडं सरकार देतंय, आणि चाक डोळ्यांसमोर असताना उन्हात बसणं हा शुद्ध वेडेपणा आहे, असं सगळं. ते ऐकत होते. मध्ये मध्ये मान डोलवत होते. ट्यूबला कानस मारून झाल्यावर म्हणाले, "साहेब, थोडी सावली करता? डिंकाला ऊन लागतंय." मी माझी छत्री डिंकावर धरली. पंप मारायची वेळ आली तेव्हा शंभर त्यांनी मारले, शंभर मी. मालगुंडला पोचलो तेव्हा दीड वाजला होता. भांडणारे लोक जेवायला घरी गेले होते, आणि जेवून झोपले होते.

कचेरीत येऊन मी तक्रार केली. हेडक्लार्क चष्म्यावरून पाहत म्हणाले, "त्यांचं डोकं खाऱ्या पाण्यात भिजलंय हे सगळ्या गावाला माहीत आहे. दुसरी गाडी असेल तर सांगा." दुसरी नव्हती.

त्या चाकाबद्दल त्यांना सगळेच विचारायचे आणि ते प्रत्येकाला वेगळं उत्तर द्यायचे. मामलेदारांना सांगितलं होतं, "बोटीवर लाइफबोट असते, ती कप्तानाच्या अंघोळीला नसते." बाजारातल्या चहावाल्याला सांगितलं, "पाचवं आपल्या नशिबाचं, सहावं दुसऱ्याच्या नशिबाचं." मला त्यांनी काहीच सांगितलं नाही. मी विचारलं की फक्त म्हणायचे, "जमन्याला बगा."

मग एक दिवस ते चाक कामाला आलेलं मी पाहिलं. हातखंब्याच्या अलीकडे एक जीप उभी होती. लांज्याच्या एका जंगल ठेकेदाराची. ठेकेदार दगडावर बसला होता आणि त्याचा ड्रायव्हर रिकामे हात कमरेवर ठेवून उभा होता. सारंगभाईंनी लांबूनच तीन भोंगे दिले. साठीचा माणूस, पण गाडी पुरती थांबायच्या आत खाली उतरला होता. बॉनेटवरच्या गाठी त्यांनी एका झटक्यात सोडल्या. ठेकेदाराच्या ड्रायव्हरला हात लावू दिला नाही. जॅक आपला, पाना आपला, नट आपल्या हातांनी आवळले. चाक बसवून झाल्यावर त्याच्यावरून फडकंसुद्धा फिरवलं.

ठेकेदाराने खिशात हात घातला. सारंगभाईंनी दोन्ही कानांना हात लावले.

"तसलं काय नको. फक्त चाक परत घरी आणायचं. राजिवड्यात. सारंग म्हणून कुणालाबी विचारा."

"माणसाबरोबर पाठवतो की."

"माणूस नको. तुमी स्वतः यायचं. आइतवार बरा. आसरच्या नमाजानंतर, पाचच्या सुमाराला, मी घरीच असतो."

"स्टँडवर दिलं तर?"

"घरी," सारंगभाई म्हणाले. एरवी मऊ बोलणारा माणूस, पण हे त्यांनी असं म्हटलं की ठेकेदाराने नुसती मान हलवली.

तिथून पुढचा रस्ता ते शीळ वाजवत होते. समोर चाक नव्हतं, त्यामुळे आत बसूनच गाडी चालवत होते. मी म्हणालो, आता तरी सुखाने प्रवास होईल. पण मला नवल वाटलं ते दुसऱ्याच गोष्टीचं. बाकी कुठल्याही माणसाला जवळ जादा चाक असलं की धीर असतो आणि नसलं की धाकधूक होते. सारंगभाईंचं उलटं होतं. बॉनेट रिकामं असलं की ते खुशीत. आठवडाभर गुणगुणत असायचे, बाजारातून नानखटाई घ्यायचे. चाक परत आलं, बॉनेटवर चढलं, की पुन्हा गप्प. मग रस्त्याने जाताना कुणाची जीप अडलेली दिसते का म्हणून शोधत असायचे. जिल्ह्यात तेव्हा जीप हातांच्या बोटांवर मोजण्याइतक्या. त्यातली कुठली कोणत्या गावाला गेलीय, कुणाचं टायर गुळगुळीत झालंय, हे त्यांना बिनचूक ठाऊक असायचं. "फॉरेस्टवाले देवरुखला गेलेत," ते म्हणायचे, "आपण तिकडून परत जाऊ या का?" देवरुख आमच्या वाटेवर नसायचं.

आणि एक मोटारीचा प्रकार झाला. पालीच्या एका आंब्याच्या व्यापाऱ्याला त्यांनी असंच चाक दिलं होतं. शेट कामाचा माणूस. आंब्याच्या दिवसांत तो राजिवड्यात कशाला येतो? त्याने चाक प्रवासी सर्व्हिस मोटारीच्या टपावर टाकलं आणि कंडक्टरला सांगितलं, सारंगला दे. सारंगभाई स्टँडवरच होते. मी पण होतो. त्यांनी चाक पाहिलं, कंडक्टरच्या मुलांची चौकशी केली, आणि चाक पुन्हा टपावर चढवलं.

"पालीला उतरवा," ते म्हणाले. "शेटना सांगा, चाकाला तोंड नाय. ते येऊन माझ्याशी काय बोलणार?"

शेटने दुसऱ्या दिवशी पुन्हा पाठवलं. सारंगभाईंनी पुन्हा परत केलं. तिसऱ्या दिवशी चाक येताना दिसलं तेव्हा स्टँडवर माणसं जमली होती. कंडक्टर म्हणाला, "याला आता पासच काढून द्या." शेवटी रविवारी शेट स्वतःच आला म्हणे.

ही गोष्ट मी गावभर सांगितली. कराडला घरी पत्रात लिहिली. सोमवारी दौऱ्यावर निघताना हसत विचारलं, "काय, आले का शेट?"

"आले होते," सारंगभाई म्हणाले. "अंगणात उभे राहिले. चाक ठेवलं. पाणी घ्या म्हटलं, तर घाईत होते."

मग ते डावीकडे बाहेर वाकले. मी म्हशींकडे लक्ष दिलं. शेट घाईत का होता, आणि एका मुसलमान माणसाच्या अंगणात पाणीसुद्धा न घेता किती लोक असेच घाईत असायचे, हे मला कळत नव्हतं असं नाही.

माझ्या बिऱ्हाडात माझ्याबरोबर गुरांचे डॉक्टर राहायचे. नगरकडचा तरुण माणूस, मोकळ्या स्वभावाचा. गुरांना टोचायला ते गावोगाव हिंडायचे आणि त्यांच्या खात्याची जीप सारंगभाईंच्या यादीत फार वर होती. एकदा साखरप्याच्या बाजूला त्यांचं चाक फाटलं आणि सारंगभाई देवासारखे उभे राहिले. डॉक्टर घरी येऊन मला म्हणाले, "काय गोड म्हातारा आहे हो. रविवारी चहाला जाणार आहे मी त्याच्याकडे. शब्द दिलाय."

पण गुरुवारी त्यांच्या बदलीचा हुकूम आला. धुळ्याला ताबडतोब हजर व्हायचं होतं. सामान बांधता बांधता ते म्हणाले, "तेवढं चाक तुम्ही पोचवा. आणि माझ्या वतीने माफी मागा."

मी हो म्हटलं. दोनच दिवसांनी आमच्या कचेरीची जीप चक्क दुरुस्त होऊन आली, आणि ती पुन्हा बिघडायच्या आत काम उरका, म्हणून साहेबांनी मला दापोलीकडे पाठवलं. बुरोंडीला तंबू ठोकून मी तीन आठवडे मोजणी केली. चाक बिऱ्हाडाच्या पडवीत भिंतीला टेकून होतं. मी परत आलो तेव्हा घरमालकांच्या कोंबडीने ते आडवं पडलेलं पाहून त्याच्यात बस्तान मांडलं होतं.

मी परतलो तो रविवार होता. दुपारी हाजराबी नावाची म्हातारी सुकी मासळी घेऊन दारावर आली. ती राजिवड्याची. टोपली उतरवताना तिचं लक्ष पडवीत गेलं आणि ती थबकली.

"हे सारंगचं चाक. हितं कसं?"

मी सांगितलं. डॉक्टरांची बदली झाली, ते गेले, चाक माझ्याकडे ठेवून गेले.

"कधी गेले?"

"झाले तीन आठवडे."

ती खाली पायरीवर बसली. "आणि त्याला कुणी सांगितलं नाय?"

कोण सांगणार होतं?

"तो आमच्या शेजारीच," हाजराबी म्हणाली. "दर आइतवारी सकाळी येतो. म्हणतो, हाजरा, आज सांदणं कर, डॉक्टर येणार हायत. मी करते. तो खुर्च्या मांडतो. बोटीवरचा कोट घालतो. दिवस मावळून मगरिबची अजान होईपर्यंत बसतो. मग सांदणं आमच्या पोरांना देऊन टाकतो, म्हणतो, आज डॉक्टरांना गुरं पाहायला जावं लागलं असेल. तीन आइतवार झाले." तिने टोपली पुन्हा उचलली. "आजबी केलीत. सकाळीच."

मी तिच्याकडून मासळी घेतली नाही, हे घरमालकीणबाईंनी मला नंतर पुष्कळ दिवस ऐकवलं. मी कोंबडीला उठवलं, अंडी पडवीतल्या एका टोपलीत ठेवली, आणि चाक घेऊन निघालो.

जीपचं चाक हाताने ढकलत नेणं दिसतं तेवढं सोपं नाही. सपाटीवर ते पडतं आणि उतारावर पळतं. बाजारातून जाताना प्रत्येक दुकानातून आवाज आला, "सारंगकडे का?" मी हो म्हणत गेलो. राजिवड्याच्या उतारावर ते माझ्या हातातून सुटलं आणि मी टोपी धरून त्याच्यामागे धावलो. एका घराच्या दगडी गडग्याला धडकून ते थांबलं. कोट घातलेले सारंगभाई दारात उभे होते. पांढरा ड्रिलचा कोट, पितळी बटणं गळ्यापर्यंत लावलेली.

त्यांनी माझ्या खांद्यावरून मागे पाहिलं.

"डॉक्टर?"

मी सगळं सांगितलं. बदली, धुळं, माझं बुरोंडीला जाणं. डॉक्टरांच्या वतीने माफी मागितली आणि माझ्या वतीनेही. सारंगभाईंनी सगळं ऐकून घेतलं.

"धुळं लांब हाय," ते म्हणाले. "तिकडं बंदर नाय." मग म्हणाले, "तुमी आत येणार का, साहेब?"

मी वहाणा काढल्या.

आत चार खुर्च्या मांडल्या होत्या, एकमेकींकडे तोंड करून, जणू चौघांची बैठक मोडून लोक नुकतेच उठून गेलेत. मी एकीवर बसलो. ते बसले नाहीत. चांगल्या कपात चहा आणला, बशीत वाफवलेली गोड सांदणं आणली, वर नारळाचा रस. मी खात असताना ते बाजूला उभे राहिले, बोटीवर साहेबांच्या जेवणाला उभं राहतात तसे. मी तीनदा बसा म्हटलं तेव्हा खुर्चीच्या कडेवर टेकले.

मग ते मला घर दाखवायला लागले. घर मोठं नव्हतं, पण नेटकं होतं. एका कपाटात कपबशा होत्या. कितीतरी. निळ्या नक्षीच्या, सोनेरी काठाच्या, एका जातीच्या तर इतक्या पातळ की पलीकडचं बोट दिसावं. दर सफरीला एक जोड आणायचे, असं म्हणाले. त्या बीबीसाठी आणलेल्या. ती गेली त्याला सहा वर्षं झाली होती. मुलगी लग्न होऊन मोंबासाला गेली होती, मुलगा कराचीला. पत्रं येत होती.

"ती ह्यातल्या कपांत चहा पीत नसायची," ते म्हणाले. "ठेवून द्यायची. मी बोटीवरून आलो की मला द्यायची. पाव्हण्यांचे कप. एकतीस वर्षांत सगळे दिवस धरून मी ह्या घरात चार वर्षं ऱ्हायलो नसंन. आलो की दोन महिने, फार तर तीन. तिला काय आवडतं ते मी विचारलं नाय. तिनं मला विचारलं नाय. पाव्हण्याला कोण विचारतं? त्याला चांगला कप द्यायचा, चांगलं खायला घालायचं, आणि बोट आली की निरोप द्यायचा."

बाहेर कुणीतरी गाईला हाका मारत होतं. सारंगभाईंनी कपाटाचं दार लावलं.

"नोकरी संपवून कायमचा आलो तेव्हा ती नव्हती. मी आता घरचा मालक. पण मालकाला पाव्हणा लागतो, साहेब. त्याशिवाय कसं कळणार की आपण पाव्हणे नाय?"

मी विचारलं, "शेजारी येत नाहीत?"

"शेजारी कोण? गडी सगळे बोटींवर, नाय तर मुंबईला. बाया माणसं येऊन बसणार थोड्याच? हाजरा येते ती दारापर्यंत. आणि माझ्या ओळखी कुठं हायत इथं? रंगूनच्या गोदीत मला चार लोक ओळखतील. इथं मी सारंग, एवढंच." त्यांनी कोटाचं वरचं बटण काढलं. "माणूस नुसता कशाला येईल? काय तरी काम लागतं. परत द्यायचं असलं की येतो. काही उभ्याउभ्या जातात. काही बसतात. त्या लांज्याच्या ठेकेदाराने दोन कप चहा घेतला. तासभर बसला होता. लाकडाचं सगळं सांगितलं मला."

हे सांगताना त्यांचा चेहरा उजळला होता. किती जण आले, कोण कुठल्या खुर्चीवर बसला, कोण अंगणातूनच गेला, सगळं त्यांना पाठ होतं. अंगणातून गेलेल्यांबद्दलही ते वाईट बोलले नाहीत. शेट घाईत होता, हेच पुन्हा म्हणाले. मोटारीची गोष्ट मी घरी पत्रात लिहिली होती, ती मला त्या वेळी आठवली.

निघताना मी म्हणालो, "पुढच्या रविवारी येतो."

"काय आणायचंय?"

"काही नाही."

"मग काय न्यायचंय?"

"न्यायचंही काही नाही. नुसता येतो."

ते अदबीने म्हणाले, "या, या. घर तुमचंच हाय."

पुढे माझी बदली होईपर्यंत, म्हणजे दीडएक वर्ष, मी बहुतेक रविवारी राजिवड्यात जात असे. घरमालकीणबाईंनी माझं ताट वेगळं करण्याची भाषा एक-दोनदा केली आणि मग सोडून दिली. बदली होऊन गेल्यावर मी तीन पत्रं टाकली. दोन्ही बाजूंनी लिहिणं हळूहळू कमी होत गेलं, तसं माझ्याकडून आधी. मुलाने त्यांना कराचीला बोलावून घेतलं असं कुणाकडून तरी ऐकलं. ते गेले की नाही, मला माहीत नाही. विचारायला हवं होतं.

पण मला आठवतो तो दुसरा रविवार. मी ठरल्या वेळी गेलो. पुढचं दार नुसतं लोटलेलं होतं. खुर्च्या भिंतीशी एकावर एक रचून ठेवलेल्या. हाक मारली तर मागच्या अंगणातून ओ आली. सारंगभाई लुंगी आणि भोक पडलेला बनियन घालून पाटावर बसले होते आणि बांगडे साफ करत होते. दाढी वाढलेली. मला पाहून हातातली सुरी खाली पडली.

"साहेब, तुमी?"

"सांगितलं होतं ना, येतो म्हणून."

"सांगितलं होतं खरं," ते म्हणाले. "पण निघताना लोक म्हणतात तसं."

ते घाईघाईने उठले, हात धुतले, आणि कोट घालायला आत निघाले. मी म्हणालो, राहू दे कोट. खुर्च्याही राहू दे. मी मागच्या पायरीवर बसलो. ते ओले हात लुंगीला पुसत आत गेले. चहाला बराच वेळ लागला. आतून काही आवाज येत नव्हता. मी समोरच्या माडांकडे आणि पलीकडच्या खाडीकडे पाहत बसलो. एक मांजर बांगड्यांपाशी आलं, त्याला हाकललं.

चहा घेऊन ते आले आणि माझ्या शेजारी पायरीवर बसले. बसा म्हणावं लागलं नाही. आम्ही चहा प्यायला लागलो. त्यात ते साखर घालायला विसरले होते. मी तसाच पीत राहिलो. तेही तोच चहा पीत होते, घोट घोट, शेवटपर्यंत, आणि त्यांच्या लक्षात आलं नाही.